सर्व्हरला माणूस लागतो

बसा हो, बसा. लाइट गेली म्हणून उठायचं नसतं इथे — तसं उठायला लागलो तर जव्हारात कुणी कधी बसायचंच नाही. येईल जेवणाच्या वेळेपर्यंत. तुमची नाशिकची गाडी त्यानंतरच आहे, आणि तीही घाटात तापून उभी राहिली नसली तर. चहा टाकलाय, गॅसला काही लाइट लागत नाही. हां, तर काय म्हणत होतात? साधा प्रोसेसर पुरेल. तेच ना? आल्यापासून तुम्ही मला तेच समजावताय, भाऊ, आणि मी काही बहिरी नाही — अंगणवाडीत आयुष्य गेलंय माझं, सगळी पोरं एकदम भोकाड पसरून रडायला लागली तरी त्यातलं खरं रडणं कोणाचं आणि नाटक कोणाचं ते पाठमोरी उभी राहून सांगायचे मी. ऐकलंय सगळं. साधा स्वस्त, सर्व्हरवाला महाग. साध्याला साधा बोर्ड चालतो, सर्व्हरवाल्याला त्याचा वेगळा बोर्ड, वेगळी मेमरी, वेगळा मोठा डबा, सगळाच थाट वेगळा. आणि एवढं करून पोरांना टायपिंग शिकवायला दोन्ही सारखेच — उलट साधाच थोडा चपळ. बरोबर बोलले का? मग झालं तर. कळलंय मला. कळूनच मागतेय मी सर्व्हरवाला.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई हट्टी आहे. आहेच. अहो, तुम्हीच मघाशी सांगितलंत ना, तो झोपत नाही म्हणून? मेमरीत कुठे काही चुकलं तर ती चूक तिथल्या तिथे पकडतो, दुरुस्त करतो, वर बोभाटा करत नाही — हे तुमचेच शब्द. असा नवरा मिळाला असता तर मी कशाला कॉम्प्युटर क्लास काढत बसले असते? हसा, हसा. आमचे गोकुळसर पोशेऱ्याला आहेत शाळेवर, इथे ऐकायला नाहीत. त्यांचं मत तुमच्यासारखंच. त्यांच्या मते तर साधाही नको. ते म्हणतात, पुष्पा, ही खोली तू पोहे-मिसळीला दिली असतीस तर दाभोशाचा धबधबा बघायला येणाऱ्यांनी तुला दुवा दिला असता. बोलतात. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

मुलं? येतात की मुलं. पावसाळ्यात बघायला हवं होतंत तुम्ही — जामसरहून येतात, आणखी आतल्या पाड्यांवरून येतात, प्लास्टिक पांघरून येतात नि दारात पाय धुऊन आत बसतात, मी सांगितलेलं नसताना. माऊस हातात धरतात तो असा, दोन्ही हातांनी, पक्ष्याचं पिल्लू धरावं तसा. तेव्हा खोली पुरत नाही. आता? आता मार्गशीर्ष लागला, भाऊ. आता कोण असणार? दिवाळी झाली की भाताची झोडणी उरकायची, आणि ट्रक येतात — भिवंडी, वसई, वीटभट्ट्या, रेती. मोठी पोरं कामाला, लहान पोरं आईबापांबरोबर. ती परततील शिमग्याला, तोवर कीबोर्डवरची अक्षरं विसरलेली. मग पुन्हा पहिल्यापासून. आत्ता किती आहेत म्हणता? आत्ता… एक मुलगी यायची, तिचंही लग्न ठरलं. आत्ता कोणी नाही. विचारलंत म्हणून सांगितलं.

त्याचा आणि याचा काय संबंध? सर्व्हर काय पोरं मोजून घेतात का? — तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर बघताय? त्याच्यावर कुंकू आहे, तो. तो गेला. तुमच्या आधी एक जण बघून गेला, म्हणाला, बाई, आत तांदूळ आहेत. म्हटलं असतील, खंडेनवमीचे असतील. सुकरी झाडायला येते इथे, तिला मी म्हटलं, सुकरे, विळ्याकोयत्यांची पूजा करतेस तशी यांचीही कर, हीसुद्धा हत्यारंच. तर तिने हळद लावलेले तांदूळ मागच्या जाळीतून आत सोडले! का गं, म्हटलं. तर म्हणते, बाय, याचा तोंड मागंच हाय ना, तिथूनच तर वारा सोडतो. चूक काय सांगणार तिची? जो श्वास सोडतो त्याचं तोंड तिथेच. पंखा अडकला आणि मशीन तापून गेलं. बरं, तुमच्या सर्व्हरला खंडेनवमीला बंद ठेवलं तर चालेल का हो? एकच दिवस. आमच्यात त्या दिवशी हत्याराला काम लावत नाहीत, नांगरसुद्धा आडवा ठेवतात. नाही चालत? म्हणजे चालतं, पण सर्व्हर ठेवायचा तो काय बंद करायला, असं ना? ठीक आहे. जागेपणीच कुंकू लावू. पण तांदूळ पुढून.

काय म्हणालात? — हं. हा प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात. मी वाटच बघत होते, कधी विचारता म्हणून. सांभाळणार कोण! सर्व्हर नुसता आणून ठेवून भागत नाही, त्याला माणूस लागतो. जाणता माणूस लागतो. बघा, तुमच्या तोंडून आलं. हेच मी गोकुळसरांना सांगते — साध्या मशीनला कोणीही चालतं, सुकरीसुद्धा त्याचं बटण दाबते, पण सर्व्हरला शिकलेला माणूस घरात लागतो. तर तो आहे आमच्याकडे. घरचाच आहे. आमची हर्षदा. इंजिनिअर आहे, तुमच्यासारखीच — तुमच्यापेक्षा थोडी जास्तच असेल, राग नका मानू. पुण्याला असते. सर्व्हरच सांभाळते ती, दुसरं काही नाही, ओळीने उभे असतात म्हणे, कपाटांसारखे, आणि त्या खोलीत इतकी थंडी की हिला स्वेटर घालून बसावं लागतं. मी विणून दिलाय. म्हणजे बघा, बाहेरून माणूस आणायचा प्रश्नच नाही. तुम्ही फक्त आणून जोडून द्यायचं. पुढचं ती बघेल.

येईल की. का नाही येणार? अजून तिला सांगितलं नाही मी, आधी मशीन येऊ दे, मग सांगू. अहो, तिनेच तर म्हटलंय! दिवाळीला आली होती ना, तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसली होती. मी आपलं विषय काढला, म्हटलं, हर्षू, इथेच काहीतरी कर ना, खोली आहे, मशीनं आहेत, आईचा हात धरायला कोणीतरी हवं. तर म्हणते, आई, मी सर्व्हर सांभाळते. अख्ख्या जव्हारात एक तरी सर्व्हर आहे का? मी इथे येऊन काय सांभाळू, नागलीची रोपं? — हसत म्हणाली. माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली. पण म्हणाली ना? म्हणाली. मी तेव्हाच मनात धरलं. इथे सर्व्हर नाही हीच अडचण आहे ना, मग ती अडचण आपण काढू. त्यात काय अवघड आहे? पोरगी नोकरीसाठी दुसरीकडे राहते, तर नोकरीच इकडे आणायची.

असं बघू नका माझ्याकडे. माहीत आहे मला. गोकुळसर असंच बघतात. म्हणाले, पुष्पे, ती यायची नाही, तू मशीन घे नाहीतर देऊळ बांध. तुम्हाला सांगते, मी इथल्याच वांगणीची. आमच्या घरात मराठी बोलत नसत, पाड्यावरची बोली बोलत; मराठी मी शाळेत शिकले, तेही अर्धं वर्ष, कारण उरलेलं अर्धं आईबापांबरोबर कामावर. जाताना सगळं बांधायचं — भांडी, गोधड्या, कोंबड्यासुद्धा. फक्त जातं ठेवायचं. ते जड, ते कोण नेणार? पण माझी आई निघताना जात्यात मूठभर नागली घालून जायची. न दळता. तशीच. म्हणायची, दळण अर्धं राहिलंय, आता परत यायलाच लागेल. गावात दुसरं कोणी असं करायचं की नाही मला माहीत नाही, आमची आई करायची. आणि दरवर्षी आम्ही परत यायचो. दुसऱ्यांची घरं तिकडेच राहिली, कुठे भिवंडीच्या गल्लीत, कुठे पुलाखाली. आम्ही यायचो आणि आई आधी जात्यापाशी बसायची. नागलीला किडे लागलेले असायचे, तरी दळायची. कोंबड्यांना टाकायची. पण दळायची.

तर माझंही तसंच. जड वस्तू घरात हवी. साधा कॉम्प्युटर काय, उद्या पिशवीत घालून नेता येईल म्हणतात. सर्व्हर जड. त्याला चोवीस तास कोणी बघणारं हवं. तो इथे असला की तिला कोणी विचारलं, का गं जव्हारला जातेस, तर तिला सांगायला काहीतरी होईल. आईसाठी जाते असं आजकाल कोणी सांगतं का? लाज वाटते त्यांना. सर्व्हरसाठी जाते हे सांगता येतं. — मला ती इथे हवी आहे हो. बास. पोरं-बिरं, क्लास-बिस, सगळं सांगितलं मी तुम्हाला, पण खरं हे आहे. मीच पाठवली तिला नाशिकच्या वसतिगृहात, एवढीशी होती, गोकुळसर नको म्हणत होते. चांगलंच केलं मी. पण ती सुट्टीला यायची तेव्हा तिच्या कपड्यांना दुसऱ्याच साबणाचा वास यायचा. अजून येतो. आता ती तिकडे फ्लॅट बघतेय. मला फोनवर विचारते, आई, बाल्कनी पूर्वेला असलेली बरी की पश्चिमेला?

काय? बोला ना, तुम्ही मघापासून काहीतरी बोलायला बघताय. — हं. — हो, नेटची लाइन आहे, असली तर असते. — नाही, नीट कळलं नाही. पुन्हा सांगा.

पुण्यात बसून?

इथला सर्व्हर? — म्हणजे ही खोली इथे, मशीन इथे, आणि ती तिकडे आपल्या टेबलापाशी बसून… सगळंच? इथलं सगळं तिला तिथे दिसणार? आणि समजा बंदच पडला तर? — चालूही तिथूनच करता येतो. बोर्डावरच सोय असते. सर्व्हरच्याच बोर्डावर. — पंखा किती फिरतोय ते कळतं? किती तापलाय तेही? — अरे देवा. माझ्या कपाळाला हात लावून बघायला इथे कोणी नाही, आणि याचा ताप पुण्यात कळणार.

नाही, नाही, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलंत. तुमचा चेहरा बघा ना कसा फुलला. म्हणजे बाईंची अडचणच मिटली, मुलीला नोकरी सोडायला नको, प्रवास नको, सगळे असंच करतात आता, असंच ना? असंच करत असतील. तिला हे माहीत असणार. तिचं कामच ते. म्हणजे त्या दिवशी स्टुलावर बसून ती म्हणाली, इथे सर्व्हर आहे का, तेव्हाही तिला माहीत होतं, की असता तरी… हं. म्हणून हसली होती.

जात्यावर दुरून दळता येत नव्हतं, भाऊ.

थांबा. एक मिनिट थांबा. मग साधा घेऊ. तुम्ही आल्यापासून तेच म्हणताय ना, साधा घ्या? साध्याच्या बोर्डावर ती सोय नाही ना — दुरून चालू करायची, ताप बघायची? नाही ना? आणि तो पडतो बंद. पडतो की! तांदळाच्या दाण्यानेसुद्धा पडतो, तो बघा कोपऱ्यात. तो पडला की माणसालाच यावं लागतं. हाताने उघडायला लागतो. इथे येऊन, या खोलीत, या स्टुलावर बसून. तर मग तोच द्या. त्यातला त्यात अगदी कच्चा असेल तो द्या. वर्षभर टिकणारा नको, लवकर —

कोण येणार म्हणता?

तुम्ही. हो. तुमच्या कंपनीचा माणूस. वॉरंटीच आहे ना तशी. फोन केला की दुसऱ्या दिवशी नाशिकहून तुम्हीच येणार. ती कशाला येईल? ती म्हणेल, आई, त्या माणसाला फोन कर.

आली लाइट. बघा, म्हटलं नव्हतं, जेवणाच्या वेळेला येते? पंखा जरा कमी करा, कागद उडतायत तुमचे. नाही, लिहू नका काही. दोन्हीपैकी कुठलाच लिहू नका. सांगितलं ना, नको. चहा गार झाला, तेवढा संपवा, टाकू नका. आणि निघा आता, गाडी लागली असेल स्टँडवर. बरं वाटलं, लांबून आलात. आणि बाहेर गेलात की दार ओढून घ्या मागून. उघडं राहिलं की कोंबड्या आत येतात.