बाबांच्या खात्यावरून गेलेलं उत्तर

कोर्टाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ आपला पुकारा व्हायची वाट बघत बसले होते. बहिणीच्या मांडीवर एक जाडजूड पाकीट होतं.

"ताई, काका आजही तेच सांगणार. बाबांनी जिवंतपणीच सगळी जुनी घड्याळं ऑनलाइन विकून टाकली."

"सांगू देत की! कोर्टाच्या आदेशावरून त्या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने बाबांच्या खात्याची सगळी नोंद पाठवलीय. घड्याळं विकली गेली बाबा गेल्यावर दहा दिवसांनी."

"ते म्हणतील, जाहिरात बाबांनीच आधी टाकली होती."

"बाबांनी? त्यात 'अगदी नव्यासारखं' लिहिलंय. बाबा काचेवरचा ओरखडासुद्धा लिहायचे."

"हे आपल्याला पटतं. जजसाहेबांना कसं पटणार?"

"मग पुढचं पान वाच. घड्याळ मागे पडतं म्हणून गिऱ्हाइकाने तक्रार केली. बाबांच्याच खात्यावरून त्याला उत्तर गेलंय. वाच, मोठ्याने वाच!"

"'घड्याळाचे मालक, म्हणजे आमचे दादा, गेल्या महिन्यात वारले. आता तुमची तक्रार ऐकायला कोणी नाही.' अगं ताई! बाबांना दादा म्हणणारे काका एकटेच!"

"आणि तक्रार ऐकणारे आत बसलेत. ऊठ, पुकारा झाला."