काकूंनी सांगितलेला मी

थापा मारायची माझी सवय तुम्हाला ठाऊकच आहे. एक तेवढी मारायला नको होती, यार.

लेकीने कॉलेजात अमेरिकन हिस्टरीचा पहिलाच कोर्स घेतला होता. असाइनमेंट अशी, की घरातलं कोणी या देशात कसं आलं ते विचारून लिहायचं. एरवी "हाय बाबा, बाय बाबा"वर आटपणारी पोरगी फोनवर रेकॉर्डिंग लावून समोर बसली. मग काय, मी सुटलोच. मालवाहू जहाज, वादळ, कॅप्टनला शिकवलेलं पिठलं.

"बाबा, रिअली?"

"आईशपथ."

आठवड्याने म्हणाली, "प्रोफेसरने जहाजाचं नाव विचारलं. मी शेजारच्या नेने काकूंना विचारलं."

काकूंनी खरं तेच सांगितलं होतं. मी विमानाने आलो, कंपनीने टॅक्सी पाठवली आणि पहिला महिनाभर त्यांच्याकडे वरणभात खाताना रोज रडलो.

"हे का नाही सांगितलंस?"

"यात काय सांगण्यासारखं?" मी म्हणालो. "बरं, बस. आता सगळं खरं सांगतो. कर रेकॉर्ड."

"नको बाबा, पेपर सबमिट केला."

पेपर माझ्यावरच होता. मुलाखत मात्र नेने काकूंची.