रक्तदात्याचं मॉडेल

तुमाले सांगतो, वंदना मॅडम नसत्या तर त्या दिवशी माझं काही खरं नव्हतं. आदिलाबादच्या एका रक्तपेढीसाठी मी ॲप बनवून राह्यलो होतो. मागच्या रक्तदानाला तीन महिने झाले नसतील, तर त्या माणसाला फोन जाऊ नये, हे तपासणारा कोड मी रक्तदात्याच्या मॉडेलमध्ये, म्हंजे त्याची माहिती ठेवणाऱ्या फाईलीत, लिवला. पण ग्राफक्यूएलचा कोड जनरेटर, म्हंजे ॲपचा कोड आपोआप लिवून देणारा प्रोग्राम, चालवला की माझा कोड गायब! तीनदा लिवला, तीनदा पुसला गेला. दुपारी डॉक्टर ॲप पाहायला येणार होते. शेवटी, कॉलेजात मला शिकवलेल्या वंदना मॅडमना फोन लावला.

“त्या फाईलची पहिली ओळ वाच,” त्या म्हणाल्या.

मी वाचली. “ही फाईल जनरेटरनं बनवली आहे, बदलू नका.”

“मंग तू काऊन बदलली?”

मी ती फाईल बंद केली.

“आता आयक. तुझं मॉडेल वेगळ्या फाईलीत ठेव. अन् कॉन्फिग फाईलीत, म्हंजे सेटिंगच्या फाईलीत, जनरेटरले सांग, का रक्तदाता आमचा आमी बनवला, तू तोच वापर.”

मॅडमनी एकेक ओळ माझ्याकडून फोनवरच वाचून घेतली. जनरेटर चालवला, तर माझा कोड जागच्या जागी! मला रडूच यायचं बाकी होतं.

“मॅडम, तिकडं एवढा गलका कायचा?”

“भैंसा गावच्या बसस्टँडवर हाये. आदिलाबादची गाडी आताच गेली.”

“माझ्यापायी सोडली?”

“दुसरी येते ना. मी याच चुकीत चार दिवस घातले होते, तवा मले सांगाले कोणी नव्हतं.”