गोलातल्या सह्या

—नाही नाही, साहेब, दंगा कसला? दंगा असता तर एक तरी काच फुटली असती की नाही? सातवीची एकेचाळीस पोरं जिन्यावर बसली, तोंडाला कुलूप लावून, अख्खी मधली सुट्टी! इतिहासाच्या तासाला ती एवढी गप्प बसली असती ना, तर मला रक्तदाबाची गोळी लागली नसती. आणि मागणी काय, तर मुलींच्या संडासाला कडी लावा. आठ महिने कडी नाही हो — एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. शोभतं का हे?

शिकवलं मीच, नाकारतोय कुठे? पुस्तकात धडाच आहे — लोकांनी हक्क कसे मिळवले. मोर्चे, संप, बहिष्कार, मग मताचा अधिकार. आता घोकून घ्यायचं तर काय, सोपं आहे — पण मी म्हटलं, एक अर्ज लिहून तर बघा. लिहिला! पोरांना त्यात फुटबॉलही घुसवायचा होता, मग मतदान — बावीस विरुद्ध एकोणीस, फुटबॉल पडला. आणि हरलेल्या एकोणीस जणांनीही कडीसाठी सह्या केल्या, साहेब. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

हा बघा तो अर्ज. हा एवढा गोल आणि कडेनं सगळ्यांच्या सह्या — आता पहिली सही कुणाची ते शोधा! जुने खलाशी असंच करायचे, कप्तानाला पुढारी सापडू नये म्हणून. मी आपलं बोलता बोलता सांगितलं होतं. आणि आता तुम्हाला ऑफिसनं पाठवलंय पुढारी शोधायला. सापडला की दाखला हातात देणार — मोठ्या बाईंनी सगळ्या शाळेसमोर जाहीर केलंय.

मी नाव सांगणार नाही हं. एकदा तोंड पोळलंय. आमचा मास्तरांचा संप झाला होता — तुम्ही तेव्हा अर्ध्या चड्डीत असाल — तेव्हा असाच एक साहेब आला, असाच गोड, चहा पाजला मला. मी नाव घेतलंच नाही हो! नुसतं म्हटलं, पत्रकं लिहिणाऱ्याचं अक्षर काय सुरेख, नकाशावर नद्यांची नावं लिहावीत तर त्यानंच... झालं. भूगोलाचे सर महिन्याभरात घरी. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचे. त्यांची बायको मला बघून अजून रस्ता ओलांडते. मी वाईट वागलो, साहेब. तेव्हापासून जिभेला लगाम — विचारा कुणालाही.

आणि या पोरांत पुढारी नाहीच मुळी, सगळी सारखी. म्हणजे, गोलाची आठवण काढली एकीनं, ते सोडा — पण काय पोरगी आहे! एवढीशी चिमुरडी, डाव्या हातानं खडू घेतला आणि फळ्यावर एका झटक्यात असा गोल काढला, की मला तीस वर्षांत —

काय लिहिलंत?

नाही, दाखवा. खोडा ते. अहो, वर्गात डावखुरी खूप आहेत — दोन-तीन तरी — बरं, एकच आहे, पण गोल मी काढला. हो, मीच! अर्ज मी सांगितला, जिन्यावर मी बसवलं, लिहा ना — अहो साहेब, पेनाला टोपण काय लावताय? माझं नाव राहिलंय लिहायचं!