मागच्या दाराचा बुधवार

...नाही, पण मी म्हणते, कुत्रा बांधून ठेवायला काय होतं हो लोकांना? मी बेल वाजवणार, तो भुंकणार, मी किंचाळणार, आणि आतून बाई विचारणार, "कोण गं ती ओरडतेय?" अहो, मी फक्त विचारायला आलेय! आजार होण्याआधीची तपासणी कुठल्या वस्तीत कोणाला मिळते न् कोणाला नाही, एवढंच. संशोधन आमच्या सरांचं, पाय माझे.

तर तुम्हाला सांगते, नाल्यापलीकडे बाहेरून आलेल्या लोकांची वस्ती आहे ना, तिथे एक मावशी भेटल्या. विचारलं, "तपासणी केंद्रात कधी गेलात?" तर म्हणे, "दर बुधवारी जाते की!" मी खूश! "कसली तपासणी?" "माझी कुठली गं? ज्यांच्याकडे काम करते त्या आजींची. बीपी, साखर, सगळं बघतात. मी हात धरते त्यांचा." आणि मग हळूच, "पोरी, ही छातीत गाठ लागते... असू दे ना?"

असू दे?! मी फक्त विचारायला आले होते हो, आणि आता ही मलाच विचारतेय!

गेले केंद्रात. काउंटरवरची बाई पत्ता ऐकूनच म्हणाली, "नाल्यापलीकडच्या होय? बुधवारी सकाळी, मागच्या दारानं. सांगून सांगून थकलो, येतच नाहीत हे लोक!" येणार कशा? बुधवारी सकाळी मावशी पुढच्या दारात, आजींचा हात धरून उभ्या! म्हटलं, मग तेव्हाच मावशींनाही घ्या की आत. "तसं नाही चालत." का नाही चालत? मी फक्त विचारलं... तर बयेनं खिडकीच लावून घेतली!

शेवटी काय, पुढच्या बुधवारी आजींचा हात मी धरला. आजी फोनवर लेकीला सांगताहेत, "जुनीच बरी होती गं, ही विचारते फार!" विचारते तर विचारते. तिकडे मागच्या दारानं मावशी गेल्या एकदाच्या आत! गाठ काढावी लागणार, पण वेळेत आलात, म्हणाले डॉक्टर.

मी धावतच सरांकडे. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू मध्ये पडलीस. आता ही बाई अभ्यासात धरता येणार नाही. वगळ."

वगळली. काय करता! नाल्यापलीकडे अजून पुष्कळ आहेत, कुणीच न तपासलेल्या... त्या चालतात सरांना.