एका ओळीची पंगत

प्रणिता : ...आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तारकर्ली. तिथं पाण्याखाली नेतात, आत्ती. तोंडाला नळी लावायची, डोळ्यांवर काच चढवायची, आणि खाली नुसते रंगीबेरंगी मासे.

जयाबाई : आणि आमच्या जैन बस्तीतल्या बायका नळ्या लावून खाली जाणार?

श्रेयांस : पूर्णिमाकाकूला तेवढं सोडू नका खाली. तिचं बोलणं ऐकून मासं किनाऱ्यावर येऊन बसतील.

जयाबाई : तू फुडं बघून गाडी चालीव. आंबोलीचा घाट हाय ह्यो, निपाणीचा रस्ता न्हवं. मासं बघायला माझी ना न्हाय गं प्रणिता. खायचं नसलं की मासा लई देखणा दिसतोय. पर नळी तरण्या पोरीस्नी ठेव. आमास्नी काय?

प्रणिता : तुम्हाला मालवणचा किल्ला. होडीनं जायचं.

जयाबाई : आणि गुडघं?

प्रणिता : लाकडी स्टूल सोबत ठेवणार आहे. शिवाय धक्क्यावर हात द्यायला दोन माणसं. बोलून ठेवलंय मी.

जयाबाई : मग वेंगुर्ल्याचा दिवा बी दाखव. जहाजास्नी वाट दावतोय म्हणत्यात.

प्रणिता : आहे की, तिसऱ्या दिवशी सकाळी. ऊन चढायच्या आत.

श्रेयांस : पास करून टाक की आई. बिचारी चार महिनं ह्याच नादात हाय.

जयाबाई : पास-नापास रविवारी. बस्तीत पूजा झाली की बायका मलाच इचारणार, 'जयाक्का, सुनेच्या सहलीला जायाचं काय?' मी व्हय म्हटलं तर गाडी भरून बायका येतील. न्हाय म्हटलं तर हिची सख्खी आई बी यायची न्हाय. म्हणून समदं बघून सांगणार. सून हाय म्हणून न्हाय सांगणार.

प्रणिता : मला तसंच पाहिजे. म्हणून तर आधी तुम्हाला एकटीला आणलंय. कंपन्यांच्या सहलीत आपल्या बायकांचे किती हाल होतात! ताटात कांदा-लसूण, शेजारच्या टेबलावर मासळी, आणि जेवण रात्री नऊला. पूर्णिमाकाकू गोव्याला गेल्या आणि नुसत्या केळ्यांवर राहून परत आल्या. माझ्या सहलीत स्वयंपाक आपला, पाणी गाळलेलं, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. हे त्यांना दुसरं कुणी देणार नाही. मीच देणार.

जयाबाई : तोंड लई चालतंय हिचं.

श्रेयांस : तुझ्याच हाताखाली तयार झालीया.

जयाबाई : ...थांब, थांब. सावंतवाडी आली न्हवं? गाडी कडंला घे. ती लाकडाची फळं बघितल्याबगर मी फुडं जात न्हाय. ब्राह्मीला आंबा न्यायचाय.

श्रेयांस : आई, मुलगी कॉलेजात जातीया आता. लाकडाच्या आंब्यानं खेळणार हाय काय?

जयाबाई : आजीनं आणलं म्हणून ठेवील. उतर.

प्रणिता : उतरू द्या हो. बायका इथं थांबणारच, मला वेळेचा अंदाज येऊ दे.

श्रेयांस : तुझा अंदाज चुकणार. आई घासाघीस कराय लागली की सूर्य पण थांबून बघतोय.

(सावंतवाडी मागे पडून बराच वेळ झाला आहे. मागच्या सीटवर लाकडी आंबा, लाकडी केळ्यांचा फणा आणि जयाबाईंनी हट्टानं घेतलेला लाकडी फणस. गाडी आजगावच्या पुढे, शिरोड्याच्या वाटेला.)

जयाबाई : ही पांढरी शेतं कसली?

प्रणिता : मिठागरं. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, उन्हात वाळवायचं. खाली मीठ राहतं.

जयाबाई : बघा! जलमभर मीठ टाकलं, कसं हुतंय ते ठावं न्हाय. हे बायकास्नी दाखव. किल्ल्याहून हे बघतील त्या. आता सांग, आज सांजचं काय ठरवलंयस?

प्रणिता : शिरोड्याचा किनारा. सुरूचं बन आहे, सावली असते. साडेपाचला पंगत बसवायची. दिवस मावळेपर्यंत सगळ्यांचं आरामात उरकतं. मग उजेड असतानाच मुक्कामाला. तुमचा नियम मोडत नाही आणि कुणाची धावपळ नाही.

जयाबाई : आणि मावळता दिवस कवा बघायचा?

प्रणिता : तो काय, जेवता जेवता दिसेल की.

जयाबाई : न्हाय दिसत.

प्रणिता : समोर समुद्र असताना कसा नाही दिसणार?

जयाबाई : मी तीनदा समुद्राला गेलतो, पोरी. मूडबिद्री-कारकळाची यात्रा केली की येताना मालप्याचा समुद्र ठरलेला. तीन यात्रा, तीनदा समुद्र. आणि मावळता दिवस एकदाबी बघितला न्हाय मी.

श्रेयांस : काय सांगालीस आई?

जयाबाई : खरं सांगालोय. पंगत दोन ओळींची, समोरासमोर. मधनं वाढणाऱ्या फिरणार. मी घरातली थोरली सून, पळी माझ्या हातात. 'हिला भात वाढ, तिला आमटी वाढ.' समदी उठली की मग आम्ही बसायचो, तेबी मान खाली घालून, घास गिळत. कारण दिवस बुडाला की पाण्याचा घोट बी न्हाय. आणि किती दिवस राहिलाय ते बघायला वाळूत एक माणूस उभा.

श्रेयांस : आप्पा.

जयाबाई : दुसरं कोण? हात लांब करून सूर्य आणि पाण्याच्या मधली बोटं मोजायचं. 'जया, चार बोटं राहिला. जया, आवर, दोनच बोटं.' आणि मग, 'बुडाला! हात धुवा!' मी वळून बघायचो तवा नुसतं तांबडं आभाळ. तीनदा तसंच.

प्रणिता : आणि आप्पा एकटे बघायचे.

जयाबाई : बघायचं आणि मग गाडीत निपाणी येस्तोवर सांगायचं. 'जया, पाण्याला टेकला की सूर्य चपटा हुतोय. तव्यावर भाकरी दाबावी तसा.' मी म्हणायचो, थापा मारू नका. सूर्य काय पिठाचा गोळा हाय, चपटा व्हायला?

श्रेयांस : थापांत आप्पांचा हात धरणारा कोण न्हवता. घाटात बिबट्यानं सलाम केला म्हणून सांगायचे.

जयाबाई : म्हणून तर म्या गावभर केलं. 'आमच्या घरच्यांचा सूर्य चपटा हाय' म्हणून बायका हसायच्या. त्यास्नी बी हसू यायचं. पर दवाखान्यात, बोलणं बंद व्हायच्या आदल्या दिवशी मला म्हणतात, 'जया, तेवढं एकदा बघून ये. ते मी खोटं न्हाय सांगितलेलं.' आता माणूस न्हाय, आणि मला काय ते कळंना झालंय.

श्रेयांस : हे तू मला कधी सांगितलं न्हाईस.

जयाबाई : तू कधी इचारलास?

प्रणिता : अहो, गाडी जरा दाबा. आत्ती, खिडकीतनं हात काढा. किती बोटं?

जयाबाई : ...चार. न्हाय, साडेतीन.

श्रेयांस : लाकडाच्या फणसात एक बोट गेलं बघ.

प्रणिता : पोचतो आपण. आधी जेवण, मग सूर्य. दोन्ही व्हायला पाहिजे. आत्तींची साखरेची गोळी आहे, उपाशी ठेवून चालायचं नाही.

श्रेयांस : हे बघ, आलं सुरूचं बन. वाळूपर्यंत घेतो गाडी.

प्रणिता : सतरंजी तिकडं नको, सावलीत कशाला? इथं, उघड्यावर. आत्ती, बसा तुम्ही. तोंड समुद्राकडं. अहो, तुम्ही पण बसा. मी वाढते.

जयाबाई : आणि तू कवा जेवणार?

प्रणिता : मी आजच्या दिवस नाही जेवत. एका रात्रीनं काय होतंय?

जयाबाई : असं! म्हंजे पळी माझ्या हातातनं निघाली आणि तुझ्या हातात आली. सहलीला बी तू अशीच उपाशी, समुद्राकडं पाठ करून उभी ऱ्हाणार? मग मी रविवारपतोर थांबत न्हाय. आत्ताच सांगतो. न्हाय. नापास.

श्रेयांस : आई, अगं...

जयाबाई : तू गप्प. मी कुणाला पाठमोरी उभी करून सूर्य बघणार न्हाय. मला म्हाईत हाय ते कसं लागतंय जिवाला.

प्रणिता : ...वाढायचंच कशाला?

जयाबाई : म्हंजे?

प्रणिता : वाढायचंच नाही. एकेकीचा डबा सकाळीच भरायचा. चपाती, उसळ, चटणी, दहीभात, सगळं ज्याचं त्याच्या हातात. आणि समोरासमोर बसवायचं नाही. एकच ओळ, किनाऱ्याला धरून. सगळ्यांची तोंडं पाण्याकडं. मागं कुणी नाही, मधे कुणी नाही.

जयाबाई : वाढल्याबगर पंगत? आग्रह न्हाय, 'घ्या की थोडं' न्हाय? नावं ठेवतील बायका.

प्रणिता : ठेवू देत. सूर्य दिसला की विसरतील. अहो, ते झाकण इकडं द्या, मी त्यात घेते. तुम्ही मोठ्या डब्यात. आत्ती, हे तुमचं. बसले मी पण. सरका जरा.

श्रेयांस : चटणी कुणाकडं?

जयाबाई : माझ्याकडं. हात लांब कर आणि घे, कोण उठून देणार न्हाय तुला आज.

प्रणिता : बोटं कोण मोजणार?

जयाबाई : मी मोजतो. घास खात मोजतो. दोन बोटं हाईत, सावकाश जेवा... गं बाई, केवढा हाय समुद्र! मला वाटायचं, नुसता आवाजच हाय त्येचा.

श्रेयांस : उसळ घे अजून.

जयाबाई : साकु रे, साकु. पुरं झालं. आग्रह बंद म्हटलंय न्हवं तुझ्या बायकोनं. दीड बोट.

प्रणिता : गोळी घ्या आता. हे पाणी.

जयाबाई : घेतली. एक बोट. आवरा पोरांनो. श्रेयांस, तेवढा भात संपीव, टाकायचा न्हाय.

श्रेयांस : संपला.

जयाबाई : शेवटचा घोट घ्या समद्यांनी... हं. हात धुवा!

प्रणिता : आत्ती, अगदी आप्पांसारखं म्हणालात.

जयाबाई : व्हय गं. माझं मलाच कसं तरी झालं. आता कोण बोलू नका.

श्रेयांस : टेकला बघ.

जयाबाई : गप्प म्हटलं न्हवं?

प्रणिता : रडताय, आत्ती?

जयाबाई : रडतोय. रडू दे. तरीबी दिसतंय मला... अगं... खालनं दबाय लागलाय. बघ, बघ, श्रेयांस! कडा पसराल्यात. भाकरीच की रं ही. चपटा झाला! चपटा झाला की!

श्रेयांस : व्हय आई. चपटाच हाय.

जयाबाई : ...गेला.

प्रणिता : गेला. थंडी वाजते का? शाल देऊ?

जयाबाई : नको. बसू दे जरा. हे बघ प्रणिता, पंगत अशीच ठेव. एक ओळ. कुणी नावं ठेवलीच तर माझ्याकडं धाड. आणि गाडीत पहिली शीट माझी.

श्रेयांस : तू परत येणार? बघून झाला की आता, आई.

जयाबाई : इतकी वर्सं त्या माणसाला मी गावात थापाड्या म्हणत आलो. आता गाव आणून दाखवाय नको?