उलटं झाकण

बाळांनो, असं समजा की तुम्हीही गॅरेजच्या बाकावर छबीशेजारी बसला आहात. आजोबांची स्कूटर दुरुस्त होईपर्यंत छबीला दुसरं काम नव्हतं. रोपवाटिकेच्या मावशी जुनी डिझेल पिकअप घ्यायला आल्या होत्या आणि गॅरेजवाले काका त्यांना दोन गाड्या दाखवत होते.

"ही चकचकीत घ्या, मावशी. फक्त ऐंशी हजार किलोमीटर! ती कोपऱ्यातली तीन लाख चाललीय. म्हातारी झाली."

"म्हातारी तर मीही आहे. दोन्ही चालू करा."

"कशाला वेळ घालवता?"

"मागच्या वेळी वाचवला होता वेळ. गाडी चार महिन्यांत बसली आणि भरलेली रोपं वाटेतच वाळली. आता पैसे एकाच गाडीपुरते आहेत. इंजिनात ऑइल ओतायचं झाकण काढा आणि त्याच तोंडावर नुसतं उलटं ठेवा."

"त्यानं काय होतं?"

"इंजिन आतून झिजलं असेल तर आतली हवा जोरानं वर येते आणि झाकण उडतं."

चकचकीत गाडीचं झाकण थडथडलं आणि टणकन फरशीवर पडलं.

"वाऱ्यानं पडलं हो!"

"वारा आतला आहे, भाऊ. आता म्हातारीला बघू."

कोपऱ्यातल्या गाडीचं झाकण थरथरलं, पण जागचं हललं नाही.

"हीच घेते. रंग मी देईन."

"मानलं बुवा तुम्हाला! कुठं शिकलात हे?"

"फसले तिथंच."

छबी बाकावरून टुणकन उतरली आणि मावशींचा हात धरून म्हणाली, "मावशी, आमची स्कूटरपण बघता का? आजोबांनी ती ह्याच काकांकडून घेतलीय."